एमिल ब्लाहांचा ट्रक यंदा कुठे थांबणार?

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, लोन एल्म गावात इतकी वर्षं विमा विकल्यामुळे नॉर्बर्ट क्लिमेशला कुठल्याही वस्तूकडे सरळ बघताच येत नसे. शिडी दिसली की त्याला तिच्यावरून पडलेला माणूस दिसायचा, शेकोटी दिसली की जळालेलं कोठार. स्वतःच्या लग्नात केक कापतानाही त्याचं सगळं लक्ष सुरीच्या टोकाकडे होतं, असं त्याची बायको डोरीन अजून सांगते. अशा माणसाच्या हातात सासऱ्यांच्या जुन्या ट्रकची किल्ली आली आणि पुढचं सगळं रामायण घडलं.

गावातल्या मूळच्या चेक लोकांच्या जत्रेत दर ऑगस्टला मिरवणूक निघते, आणि त्या मिरवणुकीत सासऱ्यांचा, म्हणजे एमिल ब्लाहांचा, धान्याचा ट्रक असतोच असतो. ट्रक हिरवा, नॉर्बर्टपेक्षा वयाने मोठा आणि घरात मानानेही मोठा. त्याच्या मागे गवताची गाडी, गाडीवर पोल्का नाचाच्या चाली वाजवणारा गावचा बँड, बँडच्या मागे घोडे. आणि दर वर्षी हा ट्रक वाटेत कुठेतरी बंद पडतो. मग घोडे थांबतात, बँडवाले मात्र थांबत नाहीत. एमिल खाली उतरतात, बोनट उघडून आत डोकं घालतात, काहीतरी घासतात, कुणालातरी चेक भाषेत शिव्या देतात, आणि ट्रक परत सुरू होतो.

यंदा दोन गोष्टी वेगळ्या झाल्या होत्या. गावाने एमिलना जत्रेचा मानकरी नेमलं होतं. आणि वसंतात त्यांच्या खुब्याचा सांधा बदलला होता. "ट्रकमध्ये बसा हवं तर," डॉक्टर म्हणाले होते, "पण चालवायचा नाही. एकदा चढायचं, एकदा उतरायचं, बास." तेव्हा एमिलनी नाइलाजाने किल्ली जावयापुढे धरली. धरली म्हणजे बराच वेळ नुसती धरूनच ठेवली. मुलगी देताना त्यांनी एवढा विचार केला नव्हता.

"तेल बदल. काच पूस," ते म्हणाले. "बाकी कशाला हात लावू नकोस, एजंट."

जावयाला ते लग्नापासून एजंटच म्हणत. नॉर्बर्टला ते लागायचं, पण लागल्याचं दाखवण्याइतका तो धीट नव्हता.

घरी आल्यावर डोरीनने मुद्द्यालाच हात घातला. "ट्रक बंद पडला की डॅड उतरणार. तू त्यांना सीटला बांधून ठेवलंस तरी उतरणार. आणि त्या पायरीवरून पाय सटकला तर पुन्हा उभे राहायचे नाहीत."

"मग ट्रक बंद पडताच कामा नये," नॉर्बर्ट म्हणाला. हे वाक्य त्याने इतक्या गंभीरपणे म्हटलं की त्याचं त्यालाच बरं वाटलं.

आता ट्रक बंद का पडायचा? तर पॉइंटमुळे. जुन्या इंजिनात ठिणगी पाडायला एका छोट्या झाकणाखाली धातूच्या दोन इवल्या टिकल्या असतात. इंजिन फिरेल तशा त्या टेकतात, सुटतात, टेकतात, सुटतात. जुन्या नवरा-बायकोसारखं त्यांचं असतं: फार जवळ आल्या तरी पंचाईत, फार लांब गेल्या तरी पंचाईत. शिवाय त्या काळ्या पडतात आणि मग कुणीतरी त्या घासाव्या लागतात. मिरवणुकीत गाडी चालायची माणसाच्या चालीने, वरून ऑगस्टचं ऊन, अशात टिकल्या हमखास रुसायच्या. यावर आता उपाय निघाला आहे. टिकल्या काढून टाकायच्या आणि त्याच जागी काड्यापेटीएवढी एक काळी डबी बसवायची. ती विजेवर चालते, घासावी लागत नाही, झिजत नाही, रुसत नाही. विम्याच्या माणसाला याहून सुंदर वस्तू कुठली सापडणार? नॉर्बर्टने त्याच संध्याकाळी डबी मागवली.

सासऱ्यांना सांगायचं नाही असंही त्याने ठरवलं. बोनटखाली, झाकणाखाली, कुणाला काय कळतंय? तेल बदलताना बदलली म्हणायची, तेही विचारलं तर.

पण शेजारी ड्वेन रेझॅक राहतो याचा हिशेब त्याने धरला नव्हता. ड्वेन निवृत्त पोस्टमन. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरावं लागलं, त्याचं उट्टं तो आता काढत होता. नॉर्बर्टने गॅरेजचं दार वर केलं आणि बोनट उघडलं, तोवर ड्वेन कॉफीचा मग घेऊन आत आलेलासुद्धा होता.

"एमिलना माहितीये?" त्याने विचारलं.

"तेल बदलतोय."

"तेल खाली असतं. तू वर काय करतोयस?"

झालं. ड्वेन भागीदार झाला. त्याच्या मते असल्या कामात दोन माणसं लागतातच, एक हात चालवायला आणि एक तोंड. त्यातलं पहिलं नॉर्बर्टकडे आलं. ड्वेनने स्टूल ओढलं, खसखशीचा एक कोलाच खिशातून काढला आणि तो पावासारखा गोड पदार्थ चघळत पहिला सल्ला दिला: "वायरींवर खूण कर. नाहीतर कुठली कुठे गेली ते कळणार नाही."

सल्ला उत्तम होता. नॉर्बर्टने खडूने खुणा केल्या. झाकण उचलून टिकल्यांचा बारीक स्क्रू सोडवायला घेतला, आणि स्क्रू हातातून निसटला. आवाज आला नाही. असले स्क्रू आवाज करत नाहीत, ते नुसते जातात. इंजिनात गेला असेल तर पुढच्या वेळी इंजिन फिरताना तो कुठे जाऊन काय करील या विचाराने विम्याच्या माणसाने हातातलं सगळं खाली ठेवलं. मग शोधाशोध सुरू झाली. टॉर्च मारून झाला, काडीला लोहचुंबक लावून आत फिरवून झालं. ड्वेनने सुचवलं की ट्रक उलटा करून हलवता आला तर बरं, पण हे त्याने चेष्टेत म्हटलं की मनापासून, हे शेवटपर्यंत कळलं नाही. दुपारी ड्वेन जेवायला घरी गेला, पँटची मुडपलेली कड त्याने झटकली, आणि स्वयंपाकघरात टण्ण आवाज झाला. स्क्रू घेऊन तो असा परत आला की जणू त्यानेच तो शोधून काढला होता.

एवढ्या वेळात वायरींवरचा खडू घामाच्या हातांनी पुसला गेला होता.

मग टिकल्या तात्पुरत्या परत बसवल्या आणि अंदाजाने वायरी लावल्या. किल्ली फिरवली तर धुरांड्यातून असा बार उडाला की समोरच्या चर्चच्या छपरावरची कबुतरं उडाली आणि दोन घरं पलीकडच्या बर्नाडेट शिमेकबाई पडदा सारून बघायला लागल्या. नॉर्बर्टने त्यांना हात केला. तोफ उडाल्यावर माणूस आणखी काय करणार? दोन-तीन बार उडाल्यावर वायरी जागच्या जागी बसल्या. मग टिकल्या काढल्या आणि उरली डबी. तिला दोन तारा, एक लाल, एक काळी. कागदावर चित्रासकट लिहिलं होतं: लाल तार बॅटरीकडून येणाऱ्या तारेला, काळी तार बॉडीला. पोरानेसुद्धा केलं असतं. नॉर्बर्टने केलं आणि डबीतून एक पातळ, निळसर धूर निघाला. अगदी सभ्य धूर. आला, वास सोडला आणि गेला.

"गेली," ड्वेन म्हणाला आणि त्याने कोलाचचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी सहकारी दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर नॉर्बर्टने हा प्रकार, ट्रकचं नाव न घेता, एका मित्राचा म्हणून सांगितला. टेबलावर सगळे म्हातारे शेतकरी. त्यांच्यातल्या एकाने बशीत कॉफी ओतली आणि शांतपणे विचारलं, "त्या मित्राच्या ट्रकला बॅटरी उलटी आहे ना? त्या काळच्या ट्रकमध्ये बॅटरीची अधिक बाजू बॉडीला असते. आताच्या गाड्यांच्या बरोबर उलट. नवी डबी जळणारच."

"हे तुम्हांला सगळ्यांना माहिती होतं?"

टेबलावरच्या सगळ्यांनी होकारार्थी माना हलवल्या. हे माहिती असण्यात विशेष काय, अशा त्या माना होत्या. लोन एल्ममध्ये ही गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही, जसं विहिरीत पाणी असतं हे कुणी सांगत नाही. नॉर्बर्ट गावात जन्मला, गावात वाढला, पण त्याचे वडील शेतकरी नव्हते, चष्मे विकायचे. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी तो या टेबलाला बाहेरचाच होता, आणि आज त्याला ते पुन्हा कळलं.

"बाकी यंदा एमिलचा ट्रक कुठे थांबणार?" दुसऱ्या एकाने विषय काढला. "गेल्या साली बँकेपाशी थांबला. आम्ही दवाखान्यापाशी खुर्च्या टाकलेल्या, काही दिसलं नाही."

"मी बँकेपाशीच टाकणार," तिसरा म्हणाला. "माझा पुतण्या शहरातून, ओमाहाहून, पोरं घेऊन येतोय."

नॉर्बर्टचे कान तापले. हे लोक सासऱ्यांची टिंगल करायला खुर्च्या टाकतात. आपल्या माणसाच्या फजितीला तिकीट लावल्यासारखं. त्याने तिथल्या तिथे मनाशी ठरवलं की यंदा या गावाला दाखवायचंच. टेबलावरून उठताना त्याने कॉफी अर्धी ठेवली, जे लोन एल्ममध्ये जवळजवळ भांडणाच्या पातळीचं समजलं जातं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसरी डबी मागवायला त्याने कंपनीला फोन लावला. फोनवर आधी बराच वेळ बासरी वाजली, मग एका बाईने विचारलं, "सर, तुमच्या बॅटरीची कुठली बाजू बॉडीला आहे?"

"अधिक," नॉर्बर्ट छाती पुढे काढून म्हणाला. "त्या काळच्या ट्रकना तशीच असते."

उलट्या बॅटरीची डबी आली आणि बसली. यावेळी धूर निघाला नाही. किल्ली फिरवताच इंजिन असं सुरू झालं की आधी ते सुरू झालंय हेच दोघांना कळलं नाही. ना खोकला, ना आचका. ड्वेनने बोनटवर हात ठेवून बघितलं. "चालू आहे," तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात थोडी खंत होती. त्याला उद्यापासून काम उरलं नव्हतं.

ते सुख तीन दिवस टिकलं. मग बर्नाडेटबाई दारात आल्या. त्या मिरवणुकीच्या समितीच्या अध्यक्ष, आणि अध्यक्षपदाची त्यांची कल्पना अशी की माणसाने शंका घेत हिंडावं. त्यांनी बार ऐकले होते आणि ड्वेनच्या बायकोशी फोनवर बोलणंही झालं होतं.

"नॉर्बर्ट, ट्रकमध्ये काही बदल केलायस का?"

"का बरं?"

"नियम आहे. मूळ रूपातली गाडी घोड्यांच्या पुढे. बदल केलेली गाडी घोड्यांच्या मागे."

नॉर्बर्टच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. जत्रेचा मानकरी, नवा कोट, नवा खुबा, आणि पुढ्यात डझनभर घोडे, आणि घोडे रस्त्यावर जे ठेवत जातात ते. त्याने खोटं न बोलता सुटायचा प्रयत्न केला. "बर्नाडेट, बाहेरून तो जसा होता तसाच आहे."

"आतून?"

"आतून बघायला बोनट उघडावं लागेल."

बाईंचे चुलते शाळेत एमिलबरोबर एकाच वर्गात होते. "मग उघडू नकोस," त्या म्हणाल्या. "मिरवणुकीच्या दिवशी बोनट उघडलेलं मला दिसता कामा नये. दिसलं तर मला नियम पाळावा लागेल." जाताना त्यांनी बदकाचं मांस आणि आंबट कोबी भरलेलं भांडं डोरीनच्या हातात दिलं, म्हणजे भेट रागाची नव्हती हे कळलं.

जत्रेच्या आधी एमिल एकदा काठी टेकत गॅरेजमध्ये आले. "चालू कर," म्हणाले. नॉर्बर्टने चालू केला. म्हातारा डोळे मिटून ऐकत राहिला.

"काय केलंस याला?"

"तेल बदललं, डॅड."

"तेल बदलल्याने कुणी एवढं गप्प होत नाही," एमिल म्हणाले. पण त्यांनी बोनटला हात लावला नाही. ट्रकच्या पायरीशी थोडे घुटमळले आणि घरी गेले.

जत्रेचा दिवस उजाडला. ऊन असं की डांबर मऊ झालं होतं. एमिल काळा कोट घालून, मानकऱ्याचा पट्टा छातीवर घेऊन ट्रकमध्ये बसले. चढवायला चौघं लागली आणि चौघांनाही शिव्या मिळाल्या. नॉर्बर्ट स्टिअरिंगमागे बसला. किल्ली फिरवली, इंजिन लागलं, बँडने पोल्का धरला.

पहिली गल्ली गेली. शाळा गेली. दवाखाना गेला. ट्रक लोण्यातून सुरी जावी तसा चालला होता. दोन्हीकडे लोक टाळ्या वाजवत होते, एमिल हात हलवत होते, आणि नॉर्बर्टला अनेक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटत होतं. समोर बँकेचा कोपरा आला. तिथे खुर्च्यांच्या तीन रांगा लागल्या होत्या. कॉफीच्या टेबलावरचे सगळे होते. ओमाहाचा पुतण्या पोराला खांद्यावर घेऊन उभा होता. ट्रक जवळ आला तशी सगळी माणसं पुढे वाकली.

ट्रक त्यांच्यासमोरून निघून गेला.

टाळ्या वाजल्या, पण नक्की कशाला वाजवतोय हे माहीत नसल्यासारख्या. मागून एकाचा आवाज आला, "अरेच्चा, थांबला नाही?" आणि दुसऱ्याचा, "पुढे पोस्टापाशी थांबेल, चला." खुर्च्या घड्या घालण्याचे आवाज आले. आरशात बघितलं तर माणसं खुर्च्या काखोटीला मारून फुटपाथवरून ट्रकच्या बरोबरीने पळत होती.

"थांबला नाही," एमिल म्हणाले.

"नाही, डॅड," नॉर्बर्ट अभिमानाने म्हणाला. "थांबणारही नाही."

एमिलनी हात हलवायचा थांबवला आणि तो मांडीवर ठेवला. नॉर्बर्टने चोरून त्यांच्याकडे पाहिलं. पट्टा घातलेला, गावाने मान दिलेला हा माणूस एकाएकी बसस्टॉपवर कुणाची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्यासारखा दिसायला लागला होता. पळणाऱ्या खुर्च्या नॉर्बर्टने पुन्हा पाहिल्या. फजिती बघायला एवढं कुणी धावत नाही, एवढं त्याला आता कळलं. ही माणसं एमिलना बघायला येत होती. ट्रक त्यांना दर वर्षी भर रस्त्यात उभं करायचा, आणि ते सगळ्या गावादेखत त्याला उठवायचे. ते आपण काढून घेतलं होतं. मोठ्या काळजीने, दोन दोन डब्या मागवून काढून घेतलं होतं.

पोस्टाचा कोपरा आला. नॉर्बर्टचा पाय ब्रेकवर जावा की न जावा या घोळात होता, तोच एमिलनी शांतपणे हात पुढे केला आणि किल्ली बंद केली.

ट्रक थांबला. मागचे घोडे थांबले. बँड अर्थात थांबला नाही. फुटपाथवर खुर्च्या फटाफट उघडल्या.

"उतरव मला," एमिल म्हणाले.

नॉर्बर्टने धावत वळसा घातला. पायरीवर त्याने स्वतःचा खांदा दिला, एका हाताने म्हाताऱ्याची कंबर धरली आणि त्यांना उचलूनच खाली ठेवलं. एमिलनी यावेळी शिवी दिली नाही. दोघं हळूहळू पुढे आले. बोनट उघडलं. एमिलनी झाकणाचे खटके उघडले आणि आत पाहिलं.

टिकल्यांच्या जागी काळी डबी बसली होती.

एमिलनी जावयाकडे मान वळवली.

"हे कधी केलंस?"

"जूनमध्ये. तुम्हांला उतरावं लागू नये म्हणून, डॅड. तुम्ही पडाल म्हणून."

"याला काय करावं लागतं?"

"काही नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

एमिलनी डबीवर बोट फिरवून बघितलं. गरम होती का गार, कोण जाणे. मग त्यांनी झाकण परत बसवलं, दोन्ही कोपरं मडगार्डवर टेकली आणि बाजूला सरकून जागा केली.

"आत डोकं घाल."

"काय?"

"डोकं आत घाल म्हणतोय. आणि लगेच बाहेर काढू नकोस. माणसं ओमाहाहून आलीत."

नॉर्बर्टने डोकं आत घातलं. आत गरम होतं, तेलाचा वास येत होता, आणि सासऱ्यांचा खांदा त्याच्या खांद्याला लागला होता. एवढ्या जवळ तो यापूर्वी कधी गेला नव्हता.

"आता हात हलव," एमिल पुटपुटले. "असा नाही. काहीतरी घट्ट बसलंय असा. हां." आणि मग बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी चेक भाषेत एक सणसणीत शिवी हासडली. फुटपाथवर हशा पिकला. कुणीतरी शिट्टी मारली. पोल्काला जोर चढला.

एवढ्यात टाचांचा आवाज जवळ आला. बर्नाडेटबाई होत्या. बोनटपासून तीन पावलांवर त्या उभ्या राहिल्या आणि नियम पाळावा लागू नये म्हणून त्यांनी मान दुसरीकडे वळवली. "एमिल, घोडे अस्वस्थ झालेत," त्या पोस्टाच्या इमारतीशी बोलल्यासारख्या म्हणाल्या. "किती वेळ लागेल?"

"मला विचारू नका," एमिल आतूनच म्हणाले. "मी नुसता हाताखाली आहे. जावयाला विचारा."

नॉर्बर्टने बंद झाकणाकडे बघितलं, सगळ्या जागेवर असलेल्या वायरींकडे बघितलं. किल्ली फिरवली की ट्रक त्याच क्षणी सुरू होणार होता, हे अख्ख्या नेब्रास्कात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"अवघड दिसतंय," तो म्हणाला. "घोड्यांना सावलीत घ्या."